आस्कंद, ढोरगुंज आणि एक कामोणी

“आवो ताई, ही तर कामुनी हाये,” असे म्हणत मावशींनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि त्या कुंडीपाशी उकिडव्या बसल्या. जुलैचा शेवटचा आठवडा होता. रात्रभर पाऊस पडून गेला होता, गॅलरीच्या ग्रिलवरून अजून थेंब ठिबकत होते आणि मी चहाचा कप हातात धरून, रोजच्याप्रमाणे, त्या कुंडीतल्या वीतभर रोपाकडे कौतुकाने पाहत उभी होते. कुंडीत आइस्क्रीमची काडी खोचलेली होती आणि तिच्यावर माझ्या अक्षरात ‘अश्वगंधा, १२ जून’ असे लिहिलेले होते. मावशींनी काडीकडे पाहिलेही नाही. एक पान दोन बोटांत धरून त्यांनी ते उलटे केले, खोडावरून अंगठा फिरवला आणि “बांधाला रग्गड येती. पिकली की काळी फळं पोरं खात्यात. हिरवी मात्र खाऊ द्यायची नाय,” असे सांगून त्या पुन्हा झाडायला लागल्या.

सहा आठवडे एका तणाला जपले, एवढेच असते तर ते मी एव्हाना विसरून गेले असते. त्या रोपासाठी मी बाटलीच्या झाकणाला टाचणीने भोके पाडून झारी केली होती, पावसाची झोड लागू नये म्हणून ग्रिलला प्लास्टिक बांधले होते, दुपारच्या उन्हात कुंडी आत आणि सकाळी बाहेर अशी रोज उचलली होती. त्या श्रमांचे मला काही वाटले नाही. मनाला लागून राहिली ती दुसरीच गोष्ट. जूनच्या अखेरीस त्याच कुंडीत, काडीच्या पलीकडच्या अंगाला, मळकट हिरव्या रंगाचे एक बारीकसे रोप उगवले होते. ते माझ्या लाडक्या रोपाहून वेगळे दिसत होते, वाढायलाही मंद होते. मी ते तण समजून चिमटीने अलगद उपटले आणि केराच्या डब्यात टाकले. ते काय होते, हे आता कळायला काहीच मार्ग नाही.

त्या उपटलेल्या रोपाने मला बरेच दिवस स्वस्थता दिली नाही.

अश्वगंधेची आणि माझी ओळख अगदी बालपणापासूनची आहे, अशी माझी समजूत होती. आमच्या राजापूरकडच्या घरी बाळगुटीची एक पत्र्याची डबी होती. तिच्यात हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, बेहडा, मायफळ, जायफळ, ज्येष्ठमध आणि आस्कंद अशी सगळी मंडळी एका जुन्या मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली असत. आस्कंद म्हणजेच अश्वगंधा. सकाळची आंघोळ झाली की आई सहाण पुढे घेऊन बसे, तिच्यावर दुधाचे चार थेंब टाकी आणि एकेक मात्रा उगाळी. कुणाचे किती वेढे द्यायचे, आज बाळाचे पोट कसे आहे, रात्री ते रडले का, यांवर तिची बोटे कमी-जास्त फिरत. दगडावर लाकूड फिरल्याचा तो ओलसर, घसरता आवाज आणि वेखंडाचा उग्र वास अजून माझ्या नाकात आहे. प्रत्येक कांडीचे एक टोक उगाळून उगाळून तिरपे झालेले असे. आस्कंदाची कांडी सगळ्यांत साधी दिसे, मातकट रंगाची आणि जरा ठिसूळ. ती डबी पुढे आईने माझ्या हवाली केली आणि माझी लेक त्याच मात्रांवर वाढली.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत लेकीला मुलगी झाली तेव्हा मी ती डबी पुन्हा बाहेर काढली. बालरोगतज्ज्ञांनी मात्र पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नको, असे स्पष्ट सांगितले. मला ते पटले. पटूनही ती डबी मी दोन दिवस ओट्यावरून हलवू शकले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, घर झोपलेले असताना, मी आस्कंदाची कांडी हातात घेऊन बसले आणि हिचे पान कसे असेल, असा प्रश्न माझ्या मनात आला. फूल कोणत्या रंगाचे, फळ कसे, झाड गुडघ्याएवढे की पुरुषभर, यांतले मला काहीही ठाऊक नव्हते. जिला आयुष्यभर ओळखते असे मी धरून चालले होते तिचे वाळलेले मूळ तेवढे मी पाहिले होते. हे झाड एकदा बीपासून पुरते पाहायचे, असे मी त्या दुपारी ठरवले आणि त्या ठरवण्यातून गॅलरीतली बाग सुरू झाली.

अश्वगंधेला पाऊस जवळ यावा लागतो, तोवर हात स्वस्थ बसेनात म्हणून मी स्वयंपाकघरातले डबे उघडले. लेकीसाठी केलेल्या लाडवांतले मूठभर आळीव उरले होते. ते ओल्या फडक्यावर पसरले आणि तासाभरात प्रत्येक लालसर दाण्याभोवती बुळबुळीत, काचेसारखे वेष्टन फुगून आले. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या शेपट्या फुटल्या. त्यानंतर पाने उघडली तेव्हा मी भिंग आणून पाहिले, कारण आळिवाची अगदी पहिली दोन पानेच तीन-तीन बोटांत चिरलेली असतात आणि इतक्या वर्षांत असंख्य लाडू वळूनही मला ते माहीत नव्हते. पान चावले तर मोहरीसारखा तिखट झणका आला. मग बाळंतशेपा पेरला. त्याची रोपे केसासारखी बारीक निघाली, पहिल्या वाऱ्याला आडवी होतील असे वाटले, पण तग धरून राहिली आणि एका सकाळी पाणी घालताना शेपूचा ओळखीचा वास आला. ज्या शेपूच्या भाजीला आमच्या घरात नाके मुरडली जातात ती भाजी आणि बाळंतीण जेवणानंतर चावते तो बाळंतशेपा, ही एकाच झाडाची दोन वये आहेत, हे मी ऐकून होते. त्या दिवशी ते वासाने समजले. ओवाही पेरला. लेक म्हणाली, “आई, भज्यांची ती जाड पानं कधी येणार?” ती जाड, लुसलुशीत पाने ज्याला येतात तो पानओवा अगदी वेगळ्या कुळातला आहे, त्याची फांदी लावतात. डब्यातल्या ओव्याला येतात ती पाने बडीशेपेसारखी, झिरमिळ्यांची. वास सारखा, म्हणून नाव सारखे, झाडे मात्र एकमेकांना परकी.

फांदी आणि बी यांतला फरक मला या निमित्ताने नीट जाणवला. आमच्या माहेरच्या आगरात औषधाचे काय नव्हते! कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडी होती, न्हाणीच्या पाण्यावर गवती चहाचे ठोंब होते, विहिरीपाशी वेखंड, आंब्यावर गुळवेल, पायरीशी कोरफड. पण यांतले एकही झाड कुणी बी पेरून आणलेले नव्हते. अडुळशाची फांदी शेजारच्या काकूंनी दिली होती, गवती चहा आत्याकडून आला होता, कोरफडीची पिल्ले तर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटली जात. फांदी देणारी बाई हातात फांदी ठेवताना तिचे नाव सांगते, ती कशावर चालते ते सांगते, कुणाला देऊ नये तेही सांगते. शिवाय फांदी म्हणजे ते मूळचे झाडच असते. काकूंच्या कुंपणातला अडुळसा आणि आमचा अडुळसा एकच होता, फक्त दोन ठिकाणी उभा होता. बी तशी येत नाही. कागदाच्या पुडीतून घरंगळलेले ते पिवळट दाणे मिरचीचे, वांग्याचे की आणखी कशाचे, हे माझ्या डोळ्यांना सांगता आले नसते. पुडीवर छापलेल्या नावावर मी विश्वास ठेवला. पुडीवर बियांची तारीख नव्हती, हे माझ्या नंतर लक्षात आले. अश्वगंधेची बी फार काळ टिकत नाही, वर्ष-दोन वर्षांत तिची उगवण घसरते, हेही मी नंतरच शिकले.

पेरणीला लागल्यावर असेही कळले की बियांना सरसकट एक नियम लावता येत नाही. सदाफुलीची बी अंधार मागते, तिच्यावर मातीचा पातळ थर पसरून वर कागद झाकावा लागतो. शतावरीची काळी, गोल, टणक बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवूनही तीन-चार आठवडे हूं की चूं करत नाही. सागरगोट्याचे तर विचारायलाच नको. लहानपणी आम्ही सागरगोटा फरशीवर घासून तापवत असू आणि एकमेकींच्या दंडाला चटका देत असू. त्याच करड्या, चकचकीत कवचामुळे तो समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरदूर जाऊनही आतून कोरडा राहतो. तो रुजवायचा तर कानशीने घासून कवचाला खिडकी पाडावी लागते. मी एक घासला, मातीत टाकला, आणि उगवून आल्यावर वेलीचे आकडेबाज काटे पाहून तो एका शेतावर राहणाऱ्या मैत्रिणीला देऊन टाकला. गॅलरीत तो कुठे मावणार! कोकणातले कडू किराईत, ज्याला काळमेघही म्हणतात, त्याच्या बारीक, कठीण बिया मी दोनदा पेरल्या आणि दोन्ही वेळा त्यांतली जेमतेम तीन-चार रोपे हाती लागली.

तुळशीविषयी मात्र सावकाश सांगायला हवे. वृंदावनाभोवती तुळशीची रोपे आपोआप उगवलेली आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात, त्यामुळे ती पेरावी लागते असे कधी मनातच येत नाही. मी पूर्ण वाळून तपकिरी झालेल्या मंजिऱ्या घेतल्या आणि पांढऱ्या ताटलीवर तळव्यांत चोळल्या. भुसा फुंकून उडवला तेव्हा तळाशी खसखशीहून थोडे मोठे, तपकिरी-काळे दाणे उरले, श्वास जोरात सोडला तरी सरकतील असे हलके. ते मूठभर बारीक वाळूत मिसळले, म्हणजे एका जागी ढीग पडत नाही, आणि ओल्या मातीच्या पृष्ठभागावर रांगोळी सोडतात तसे सोडले. वरून माती घातली नाही, कारण तुळशीच्या बीला उजेड लागतो. खोल गेली की ती येत नाही. पाणीही वरून दिले नाही, ट्रे पाण्याच्या परातीत ठेवला आणि माती खालून ओल ओढून घेत काळी होत गेलेली पाहिली. आठव्या दिवशी पहाटे, अजून पुरते उजाडले नव्हते, मातीवर हिरवा चुरा सांडल्यासारखे दिसले. डोळे अगदी जवळ नेले तेव्हा प्रत्येक कणाची दोन पाने दिसली, देठाकडे सरळ कापलेली आणि पुढे गोलाई आलेली. त्यांना तुळशीचा वास नव्हता. निदान माझ्या बोटांना तो लागला नाही. पुढे दहाबारा दिवसांनी दातेरी कडांची खरी पाने आली, त्यांना मी करंगळीने स्पर्श केला आणि बोट नाकाशी नेले. एवढ्याशा रोपाने ओळख दिली होती.

त्याच ट्रेमधली निम्मी रोपे मी पुढच्या आठवड्यात गमावली. पावसाळी हवा कोंदट होती, माझा पाण्याचा हात सैल होता, रोपे दाट उगवली होती. सकाळी टवटवीत दिसलेली रोपे संध्याकाळी मातीलगत बारीक होऊन, जणू कुणी दोऱ्याने करकचून बांधल्यासारखी, कोलमडून पडली. हा बुरशीचा रोग नर्सरीवाल्यांच्या रोजच्या परिचयाचा आहे आणि त्यावर रोप पडण्याआधीच विरळणी करणे, वारा खेळता ठेवणे आणि पाणी आवरणे यापलीकडे घरात फारसे काही करता येत नाही. विरळणी म्हणजे चांगली, निरोगी रोपे उपटून टाकणे. ते माझ्याने होत नव्हते. दाटीतल्या प्रत्येकाला वाचवण्याच्या हट्टापायी मी पुष्कळांना घालवले, हे ट्रेकडे पाहताना मला स्पष्ट दिसत होते आणि तरीही पुढच्या पेरणीला माझा हात तितकाच अडखळला.

मावशींनी कामोणी म्हटलेल्या रोपाला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कळ्या आल्या. तोवर मनाच्या एका कोपऱ्यात मला आशा होती, ती फुलांनी संपवली. पाकळ्या मागे वळवलेली, मधे पिवळा ठिपका असलेली पाच-सहा पांढरी फुले एका देठाला खाली मान घालून लोंबत होती. अश्वगंधेची फुले हिरवट-पिवळी असतात, पानाच्या बगलेत चिकटून येतात, मुद्दाम शोधली तरच दिसतात. दोन्ही झाडे एकाच कुळातली. वांगी, मिरची, टोमॅटो, तंबाखू आणि धोतराही त्याच कुळातला. म्हणून त्यांची बाळरोपे एकमेकांसारखी दिसतात आणि ज्याने कधी पाहिली नाहीत त्याची फसगत होते. ज्या कामोणीला मी तण म्हणाले तिला आयुर्वेदात काकमाची म्हणतात आणि तीही औषधीच आहे. तिच्या कच्च्या हिरव्या फळांत सोलॅनिन हे विष असते आणि पिकलेली काळी फळे मुले खातात. मावशींच्या एका वाक्यात हे दोन्ही येऊन गेले होते. त्या वाचायला-लिहायला शिकलेल्या नाहीत. श्रीगोंद्याकडच्या कोरडवाहू रानात बालपण गेलेल्या त्या बाईंना कोणत्या वयाचे कोणते रोप कसे दिसते हे ठाऊक होते, कारण खुरपे हातात घेऊन बसलेल्या मुलीला काय ठेवायचे आणि काय काढायचे हे दोन पानांवरून ठरवावे लागते, आणि चुकले तर बोलणी खावी लागतात.

ही ओळख नसली तर काय होते, याचा विचार मी त्या पावसाळ्यात पुष्कळ केला. करोनाच्या पहिल्या वर्षी आमच्या इमारतीत गुळवेलीच्या कांड्या घरोघर गेल्या होत्या. कुणी कुणाकडून आणल्या, कुठल्या झाडावरच्या, कुणी विचारले नाही. मीही विचारले नाही, उकळून प्याले. पुढे २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा आयुष मंत्रालयाने दिलेल्या उत्तरात एक मुद्दा असा होता की त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी तिची बहीण, हे तपासलेच गेले नाही. त्या वादात कोण बरोबर, हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. मात्र आमच्या इमारतीत उकळल्या गेलेल्या कांड्या कोणत्या होत्या, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आले नसते, याची मला आजही भीती वाटते. म्हणून त्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी लहानग्याच्या खोकल्यासाठी “तुमच्याकडचं काहीतरी पान द्या” म्हणून आल्या, तेव्हा मी त्यांना तुळशीची चार पाने दिली आणि बाकी कुंड्यांकडे बोट दाखवायचेही टाळले. त्यांना ते तुसडेपणाचे वाटले असावे. मला त्यांना सगळी कहाणी सांगता आली नाही.

मावशींना मी मोबाइलवर अश्वगंधेचे चित्र दाखवले होते. हिरव्या पानांचे चित्र पाहून त्यांनी मान हलवली नाही. मग फळाचे चित्र आले: कागदी कंदिलासारखे वाळके आवरण आणि आत लालभडक, वाटाण्याहून जरा लहान मणी. “मग ढोरगुंज म्हणा की!” त्या म्हणाल्या. अश्वगंधा हे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते, आस्कंद तर नव्हतेच. माझ्या डबीतली कांडी त्यांना अनोळखी होती आणि त्यांच्या बांधावरचे झाड मला. आम्ही दोघी इतकी वर्षे एकाच झाडाची दोन टोके धरून होतो.

संक्रांतीला त्या गावी गेल्या आणि येताना लुगड्याच्या जुन्या तुकड्यात मूठभर फळे बांधून घेऊन आल्या. मी ती वर्तमानपत्रावर ओतली. वाळक्या आवरणांचा कुरकुर आवाज झाला. एकेक कंदील फोडून आतला सुरकुतलेला लाल मणी काढला, मणी पाण्यात कुस्करले, तेव्हा तळाशी चपट्या, पिवळट, मूत्रपिंडाच्या आकाराच्या बिया बसल्या. पुडीतल्या बियांहून त्या वेगळ्या नव्हत्या, पण या वेळी त्या कुठून आल्या हे मला ठाऊक होते. सावलीत वाळवून, कडुनिंबाच्या चार पानांसह डबीत ठेवल्या. पाऊस लागून जरा उघडीप मिळाली तेव्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पेरल्या, कारण या झाडाला मृगाचा धो धो पाऊस सोसत नाही. खरिपातली पेरणी जरा उशिरा करतात. मूळ खोल जाते म्हणून रंगाच्या रिकाम्या बादल्यांना तळाशी भोके पाडून घेतली, माती निम्मी आणि वाळू निम्मी भरली, खत जवळजवळ घातले नाही. या झाडाला हलकी, निचऱ्याची जमीन मानवते. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरच्या बाजूला त्याची शेती होते आणि नीमचच्या बाजारात त्याच्या मुळांचा मोठा व्यापार चालतो.

मी मोजून चाळीस बिया पेरल्या. नवव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंत त्यांतल्या अकरा उगवल्या, कुणालाही घाई नव्हती. खरी पाने आली तेव्हा मी कुंडी उचलून उजेडासमोर धरली आणि मला पानांच्या कडेने, देठावर, कोवळ्या खोडावर पांढुरकी बारीक लव दिसली. कामोणीचा तजेलदार हिरवा रंग इथे नव्हता. हिरव्यावर कुणी राख फुंकून घातल्यासारखा मळकट, धुरकट रंग होता.

आदल्या वर्षी उपटून टाकलेले रोप याच रंगाचे होते, असे मला वाटले. आठवणीवर किती भरवसा ठेवावा, हे मला कळत नाही.

अकरांपैकी चार जगली, दोन मी शेतावरच्या मैत्रिणीला दिली आणि दोन बादल्यांत राहिली. थंडीत ती गुडघ्याच्या वर गेली, पानांच्या बगलांत कंदील लागले, हिरवे होते ते वाळून कागदी झाले आणि आतून लाल दिसू लागले. लावल्यापासून पाच-सहा महिन्यांत, पाने पिवळी पडू लागली की मुळे काढतात. मी सातवा महिना लागेपर्यंत थांबले. तुळस पाने देते आणि उभी राहते, कोरफड पात देते आणि पुन्हा वाढते, अडुळसा छाटल्याने उलट फोफावतो. अश्वगंधेचे औषध मुळात आहे. ते घ्यायचे म्हणजे झाड संपवायचे. बाळगुटीची कांडी सहाणेवर फिरवताना असे काही कधी मनात आले नव्हते. फेब्रुवारीत एका सकाळी, “वाफसा आला की हलक्या हातानं काढा, न्हाय तर मूळ तुटंल,” या मावशींच्या सांगण्याप्रमाणे आदल्या दिवशी पाणी देऊन ठेवले आणि दोनपैकी एक झाड उपटले. बादलीच्या तळापर्यंत गेलेले ते मूळ करंगळीपेक्षाही बारीक होते, फिकट पिवळसर, दोन ठिकाणी फाटे फुटलेले. माती झटकून मी ते मोडले आणि नाकाशी नेले. लहानपणी मिरजेला मामाकडे जाताना स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग उभी असे. घामेजलेल्या घोड्यांचा, ओल्या गवताचा आणि चामड्याचा तो मिसळलेला वास मला गॅलरीत उभ्या उभ्या आला. झाडाला हे नाव का पडले ते सांगायला कुणी लागले नाही.

ते मूळ मी घेतले नाही. मला थायरॉइडची गोळी चालू आहे आणि अश्वगंधेने त्या संप्रेरकांची पातळी बदलू शकते, तेव्हा आपल्या मनाने घेऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. सावलीत पंधरा दिवस वाळवून ते आक्रसले, मातकट झाले, आणि मी त्याची एक कांडी बाळगुटीच्या डबीत, आईच्या आस्कंदाशेजारी ठेवली. जुनी तिरपी झिजलेली आहे, नवीला अजून सहाण लागलेली नाही. दुसरे झाड बादलीत आहे. त्याची फळे मी बियांसाठी राखली आणि त्यांतली ओंजळभर मावशी घेऊन गेल्या, बांधावरची या वर्षी कुणीतरी जाळून टाकली म्हणाल्या.

कामोणीची कुंडीही मी ठेवली होती. तिची फळे काळी होऊन चमकू लागली की बुलबुलांची जोडी सकाळी ग्रिलवर येऊन बसे आणि खाऊन झाल्यावर तिथेच इकडून तिकडे उड्या मारी. त्याचा परिणाम या पावसाळ्यात दिसतो आहे. शतावरीच्या कुंडीत, किराइताच्या ट्रेमध्ये, अगदी तुळशीवृंदावनातही न पेरलेली रोपे वर येत आहेत. अश्वगंधेच्या नव्या ट्रेमध्ये मी या वेळी बिया ओळीत टोचल्या होत्या आणि ओळीवर सहा रोपे आली आहेत, पण तीन रोपे ओळीच्या बाहेर, कडेला उगवली आहेत. पाण्याने सरकलेल्या माझ्याच बिया असतील, किंवा बुलबुलांनी टाकलेल्या. काल सकाळी मी तो ट्रे उचलून मावशींपुढे धरला. त्यांनी पदराला हात पुसले, वाकून बराच वेळ पाहिले, हात लावला नाही.

“आत्ताच कसं सांगावं, ताई? अजून दोन पानं येऊंद्यात.”

मी चिमटा खिशात ठेवला आणि ट्रे पुन्हा ग्रिलपाशी, उजेडाला नेऊन ठेवला.